हळद लागलेली घार

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात, पेंढा भरलेली एक घार होती. ती घार नव्हती. एवढी साधी गोष्ट पटवायला मला अख्खा एक हिवाळा लागला आणि त्यात माझी नोकरी जाता जाता राहिली. पण शेवटी मी जिंकले, आणि जिंकलेली गोष्ट विनयानं सांगायची माझी पद्धत नाही. ज्यांना विनय हवा असेल त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीला भेटावं.

सत्तरीचं दशक निम्मं सरलं होतं. मी सांगलीची, जैन व्यापाऱ्याच्या घरातली मुलगी. बी.एस्सी., बी.एड. झाले आणि औंधपासून सायकलीनं तासाभरावर असलेल्या एका गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले. घरी कुणालाच ते पसंत नव्हतं. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणाला, "दोन वर्षं बघू. कायम झालीस तर राहा. नाही तर मुकाट्यानं परत यायचं आणि मी दाखवीन त्या स्थळाला हो म्हणायचं." मी कबूल केलं. कायम होणं न होणं सगळं मुख्याध्यापकांच्या हातात असे. दर वर्षी ते एक गोपनीय अहवाल लिहीत आणि त्यातलं एक वाकडं वाक्य माणसाला घरी पाठवायला पुरे होई. माझं पहिलं वर्ष सुरळीत गेलं. दुसऱ्या वर्षी ही घार आडवी आली.

मुख्याध्यापकांना सगळे हेडसर म्हणत. बंद गळ्याचा कोट, पांढरी टोपी, सुतळीनं बांधलेला चष्मा. मी येईपर्यंत विज्ञान तेच शिकवत. माणूस कडक, पण खोटं बोलणारा नव्हे. ते पाखरू त्यांनीच शाळेत आणलं होतं. औंधाकडच्या कुणा सरदारांच्या घरातलं सामान विकायला निघालं तेव्हा ते मागून घेतलं आणि सायकलच्या कॅरिअरला धोतरात गुंडाळून, वाटेत तीनदा उतरून, त्याची मान सांभाळत आणलं. कपाट त्यांनी स्वतः करवून घेतलं. खालची पाटीही त्यांच्याच वळणदार अक्षरात होती: "घार". त्या पाखराकडे बघून गावातल्या दोन पिढ्या घार शिकल्या होत्या. पहिलं वर्षभर मीही तेच शिकवलं. पाटी वाचली की आपण पाखराकडे बघत नाही, हा माझाही गुन्हा आहेच.

खंडेनवमीला शाळेत यंत्रांची पूजा होई. ती आमचे शिपाई करत. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. फौजेतून नाईक म्हणून पेन्शन घेऊन आलेला माणूस. अंगणात सडा, आणि मग तराजू, घंटा, पृथ्वीचा गोल, सूक्ष्मदर्शक, स्पिरिटचा दिवा, सगळ्यांना ओळीनं हळदकुंकू. शेवटी कपाट उघडून ते त्या पाखराच्या डोक्यालाही चिमूटभर हळद लावत, वर कुंकू. मी म्हटलं, "मामा, हे काही यंत्र नाही."

"आवं बाई, यंत्र न्हाई पर शाळंचं शिपाईच हाय की ते," मामा म्हणाले. "एवढी वर्सं ड्युटीवर हाय. एक दिस रजा न्हाई."

त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. दुष्काळात भेगा पडलेला गावचा तलाव पुन्हा काठोकाठ भरला होता आणि उथळ पाण्यात पाणकणसांचं दाट रान माजलं होतं. दसरा झाल्यावर एका सकाळी मी उगाच बांधावरून फिरायला गेले. पाण्यात चांदवे होते, कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे पाणपक्षी, शेकड्यानं. एकाएकी ते सगळे फडफडत, पाणी उडवत एका बाजूला पळाले. बदकं उडाली. आणि पाणकणसांच्या शेंड्यांवरून, अगदी हातभर उंचीवरून, एक मोठं तपकिरी पाखरू आलं. दोन-तीनदा पंख हलवायचं, मग पंख वर उचलून तसेच धरायचे आणि तरंगत पुढं जायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, वळलं, पुन्हा शेजारून परत आलं. बैल नांगराच्या तासाला लावल्यासारखं त्याचं चाललं होतं. मान खाली. मधेच थबकलं, लांब पाय खाली सोडले आणि कणसांत बुडालं. बाहेर आलं तेव्हा पायात उंदीर होता. झाडाबिडाकडे न जाता ते समोरच्या ढेकळावर बसलं. सूर्य माझ्या पाठीशी होता. पाखराचं अंग काळपट, आणि डोकं सायीसारखं पिवळट पांढरं.

मी जागच्या जागी उभी राहिले. हे डोकं मी रोज बघत होते.

त्या दिवशी शाळा उघडायच्या आधीच मी मामांकडून किल्ली घेतली. कपाटातलं पाखरू पहिल्यांदा नीट पाहिलं. घारीच्या शेपटीला मधे खाच असते, हिची शेपूट सरळ गोल. घारीचे पाय आखूड, हिचे लांब. चेहरा घुबडासारखा वाटोळा, कारण हे पाखरू नुसतं बघत नाही, गवतातली खसफस ऐकून शिकार करतं. आणि हळदीच्या आजूबाजूला, हळद जिथं लागली नव्हती तिथंही, तोच सायीचा रंग. गळ्यावर होता. खांद्यांवरही होता. कॉलेजात बक्षीस मिळालेलं पक्ष्यांचं एक इंग्रजी पुस्तक माझ्या ट्रंकेत होतं. रात्रीची वाट न बघता मधल्या सुट्टीत खोलीवर पळत जाऊन ते आणलं. पाणथळीतला ससाणा. मादी. थंडीला उत्तरेकडून येतो, उन्हाळा लागला की परत जातो. चित्रात आणि कपाटात काडीचा फरक नव्हता.

इथं शहाण्या बाईनं काय केलं असतं? हेडसरांना बाजूला गाठून हळूच सांगितलं असतं. मी पुस्तक छातीशी धरून थेट शिक्षकांच्या खोलीत गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, "सर, आपली घार घार नाही. इतकी वर्षं आपण चुकीचं शिकवतोय."

हेडसरांनी पुस्तक घेतलं, चित्र पाहिलं आणि शांतपणे परत दिलं.

"शेपटीचं म्हणाल, तर कसर लागली होती. खाचेची दोन्ही टोकं कसरीनं खाल्ली. मी डांबरगोळ्या ठेवल्या तोवर उशीर झाला होता."

"आणि डोकं, सर?"

"बाई, बावीस खंडेनवम्या झाल्या तिच्या. दर वर्षी हळद. मग डोकं काळं राहील का?"

खोलीत हशा पिकला. मी म्हटलं, हळद डोक्याला लावतात, खांद्यांना नाही. ते म्हणाले, मामांचा हात सैल आहे, सांडली असेल. मी म्हटलं, गळ्याला? ते म्हणाले, "बाई, पोर्शन किती झालाय आठवीचा?"

आता माझा पारा चढला. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो आणि तो डोक्यात जायला वेळ लागत नाही. मी तिथल्या तिथं आव्हान दिलं. हळद आहे की नाही ते विज्ञानानं ठरवू. धुण्याच्या सोड्याचं पाणी हळदीला लागलं की हळद लाल होते. उद्या आठवीच्या वर्गासमोर करून दाखवते. सरांनी यावं. हेडसर म्हणाले, येतो.

दुसऱ्या दिवशी आठवीचा वर्ग नुसता गच्च. दारात नववीची मुलं. मी टेबलावर पाखरू ठेवलं, सोड्याच्या पाण्यात कापूस बुडवला आणि ऐटीत डोक्यावरून फिरवला. कापूस लालभडक झाला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. टाळ्या हेडसरांसाठी होत्या.

मी एवढी मूर्ख कशी असेन, हे मला आजही कळत नाही. हळद होतीच की तिथं! दहा दिवसांपूर्वी माझ्या डोळ्यांदेखत लावली होती. मी तर हळद नाही हे दाखवायला निघाले होते, आणि सिद्ध झालं की आहे. तोंडातल्या तोंडात मी म्हटलं, थांबा, ही वरची हळद, खालचा रंग वेगळा आहे. पुन्हा कापूस, पुन्हा पाणी. लाली गेली आणि खालून सायीचा रंग वर आला. पण हेडसर म्हणाले, "मुरलेली हळद आहे ती. धोतराला डाग पडला तर एका धुण्यात जातो का?" मी चिडून आणखी जोरात पुसलं. आणि कापसाबरोबर डोक्यावरची तीन पिसं निघून आली.

हेडसर पुढं आले. त्यांनी माझ्या हातातला कापूस काढून घेतला, पाखरू दोन्ही हातांनी उचललं आणि कपाटात ठेवलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा घरातलं माणूस गेल्यासारखा झाला होता. दुपारी त्यांनी मला बोलावलं.

"बाई, शाळेच्या वस्तूचं नुकसान झालंय. हे मी लिहायचं का न लिहायचं, ते तुमच्या हातात आहे. पौषात शाळेची तपासणी आहे. त्या वेळी या पाखराबद्दल तुम्ही तोंड उघडायचं नाही. उघडलंत तर मला जे लिहायचं ते लिहावं लागेल."

मी म्हटलं, "नाही उघडणार." शब्द दिला.

दिवाळीला सांगलीला गेले तर आईनं पाखराची हकीकत ऐकून आधी मला आंघोळीला पिटाळलं. मेलेल्या जिवाला हात लावून दिवाळीच्या फराळाला बसतेस? अण्णा नुसता हसला आणि म्हणाला, "एक मिरजेचं स्थळ आहे." मला ताट ढकलून उठावंसं वाटलं. उठले नाही, कारण करंज्या होत्या. पण त्या रात्रभर मला एकच वाटत होतं: मी खरं बोलत होते आणि तरी हरले, ते माझ्या तोंडाळपणामुळे. आता परत यावं लागलं तर ते एका चुकीच्या पाटीपायी यावं लागणार.

शाळा सुरू झाल्यावर मी एकदाच हेडसरांना म्हटलं, "सर, एका रविवारी तलावावर याल? पाच मिनिटं." ते म्हणाले, मला गुडघ्याचा त्रास आहे. विषय संपला. तो मामांनी पुन्हा उकरला, आणि तोही माझ्याशी एक शब्द न बोलता.

मार्गशीर्षात आमच्या शाळेचं वनभोजन असे. सगळे वर्ग, सगळे शिक्षक, जागेवर चुली मांडून स्वयंपाक. दर वर्षी देवीच्या डोंगराखालच्या आमराईत जायचं ठरलेलं. हेडसरांनी सूचना काढली तेव्हा मामा व्हरांड्यातून म्हणाले, "सर, आमराईच्या हिरीला पाणी न्हाई. खाली गेलंय. तीनशे पोरांचं हात धुवायचं कुठनं? तलावावर जाऊ की. पाणी बी हाय, सरपान बी हाय, वाट बी सपाट हाय. तुमच्या गुडघ्याला तरास न्हाई."

फौजेत मामांनी दुसरं काय केलं असेल माहीत नाही, पण मोर्चा कुठं लावायचा ते त्यांना बरोबर कळे. आमराईच्या विहिरीला पाणी होतं. मी नंतर मुद्दाम बघून आले.

वनभोजनाचा दिवस स्वच्छ उन्हाचा होता. बांधाखाली चुली पेटल्या. वांग्याची भाजी, शिरा, पुऱ्या. पुऱ्या तळायला लागल्या आणि आभाळात घारी आल्या. एक, दोन, मग पाच-सात. वर गोल गोल घिरट्या. मी तोंड मिटून पुऱ्या लाटत होते. दिलेला शब्द तपासणीपुरता होता, पण मी सरसकट पाळायचं ठरवलं होतं. माझे डोळे मात्र पाणकणसांवर. सकाळ गेली, दुपार कलली, ससाण्याचा पत्ता नाही. चांदवे निवांत. मला रडू यायच्या बेतात होतं. एवढा मोर्चा लावला आणि पाखरूच रजेवर!

पंगत बसली. हेडसर पहिल्या ओळीत, मांडी घालता येत नाही म्हणून दगडावर, पत्रावळ मांडीवर. त्यांनी पुरी हातात घेतली, तुकडा मोडला आणि शेजारच्या शिक्षकांशी बोलायला मान वळवली. तेवढ्यात वरून एक घार सरळ खाली आली. पंखांचा फटकारा, हेडसरांची टोपी उडाली, आणि पुरी घारीच्या पायात. वर जाताना तिनं शेपूट अशी फिरवली की मधली खाच अगदी पहिलीतल्या पोरालाही दिसावी.

"सर, खाच बगा, खाच!" आठवीची एक मुलगी उभी राहून ओरडली. मग सगळेच ओरडले. काही पोरं हसून लोळायला लागली. हेडसरांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि वर बघत म्हणाले, "घारच आहे. चोरटी जात."

आणि मग चांदवे उठले. शेकडो पायांनी पाणी एकदम फाटलं. तो आवाज मी ओळखत होते. बदकं कालवा करत वर गेली. पाणकणसांच्या पलीकडच्या टोकाकडून ती आली, अगदी खालून उडत, पंख वर धरून, मान खाली घालून. पुऱ्यांकडे, चुलींकडे, तीनशे पोरांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. नांगरासारखं एक तास घातलं, वळली, दुसरं घातलं. प्रत्येक फेरीला ती थोडी बांधाकडे सरकत होती. वर घारी गिरक्या घेत होत्या, खाली ती, दोघींच्या शेपट्या एकाच वेळी दिसत होत्या. शेवटच्या फेरीला ती बांधाच्या कडेनं आली, अगदी आमच्या समोरून, उतरत्या उन्हात. डोकं सायीचं. गळा सायीचा. पंखांची पुढची कड सायीची.

हेडसर दगडावरून उठले होते. मांडीवरची पत्रावळ खाली पडली होती, ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी चार पावलांवर होते. ते पुटपुटले ते मी ऐकलं.

"हिला कुणी हळद लावली?"

मला ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं. मी लाटणं घट्ट धरून उभी राहिले. मामा चुलीपाशी उकिडवे बसून लाकडं मागंपुढं करत होते, आणि त्यांच्या मिशांत हसू मावत नव्हतं.

मला वाटलं, उद्या सकाळी पाटी बदलणार. बदलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. कपाटात "घार" तशीच. आठवीची पोरं येता-जाता कपाटाकडे बघत आणि मग माझ्याकडे. मी फळ्याकडे बघे. मनातून मी हेडसरांना काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. डोळ्यांनी पाहूनही माणूस आपलं अक्षर पुसायला तयार नाही, याचा मला भयंकर राग आला होता. आणि अहवाल लिहायचे दिवस जवळ आले होते.

पौषात तपासणीचे साहेब आले. जीपमधून, हातात छडी, बरोबर फायलींचा गठ्ठा. शाळा शेणानं सारवलेली, मुलांचे कपडे धुतलेले. साहेबांनी इतिहास पाहिला, गणित पाहिलं, आणि तिसऱ्या तासाला प्रयोगशाळेत आठवीवर आले. हेडसर त्यांच्या मागं. मी भिंतीशी. साहेब टेबलावरची उपकरणं बघत बघत नेमके त्या कपाटापाशी थांबले. मला वाटलंच होतं. पेंढा भरलेलं पाखरू सोडून कोण पुढं जाईल?

छडीनं काचेवर टकटक करून ते म्हणाले, "सांगा बरं, हा कोणता पक्षी?"

एकही हात वर झाला नाही. बेचाळीस पोरं. रोज माझा जीव खाणारी, तोंडाची चक्की बंद न होणारी पोरं. एकानंही तोंड उघडलं नाही. घार म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर हेडसर समोर उभे. ती कधी माझ्याकडे बघत, कधी त्यांच्याकडे.

साहेब वैतागले. "अरे, खाली लिहिलंय की! वाचता येत नाही? घार. पाटी समोर असून उत्तर येत नाही म्हणजे कमाल झाली. विज्ञान कोण शिकवतं?"

मी पुढं झाले. "मी, साहेब."

"काय शिकवता तुम्ही बाई? आठवीच्या मुलांना घार ओळखता येत नाही?" त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. ती पेन्सिल माझ्या काळजावरून फिरल्यासारखी वाटली. खरं सांगितलं तर शब्द मोडतो, गप्प बसलं तर नालायक ठरते. दोन्हीकडून मिरजेचं स्थळ. मी गप्प राहिले. आयुष्यात एवढी गप्प मी कधीच राहिले नव्हते.

"साहेब, टिपू नका," हेडसर म्हणाले.

साहेबांनी मान वर केली.

"मुलांना येतंय. म्हणून तर ती बोलत नाहीत. पाटी चुकीची आहे. ती मी लिहिली." हेडसरांचा आवाज नेहमीचाच होता, प्रार्थनेनंतर सूचना देतात तसा. "बाईंनी मला सांगितलं, मी ऐकलं नाही. मग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, याच मुलांच्या बरोबर. तीन आठवडे झाले. रोज सकाळी पाटी काढायला म्हणून या खोलीत येतो आणि हात होत नाही म्हणून परत जातो. बाईंना मी गप्प राहायला लावलंय. त्या बोलल्या नाहीत, यात त्यांचा दोष नाही." मग ते वर्गाकडे वळले. "मुलांनो, साहेबांना सांगा. हा कोण?"

छप्पर उडेल असा आवाज आला.

"पाणथळीतला ससाणा!"

"मादी!" मागून आणखी एक आवाज.

आणि मग बांध फुटला. कुणी शेपूट सांगितली, कुणी पाय, कुणी वाटोळा चेहरा. "घार वर फिरती, ही खालनं फिरती!" "ही झाडावं न्हाई बसत, ढेकळावं बसती!" "हिचं कान लय तिखट हायती!" "घारीनं सरांची पुरी नेली, हिनं बगितलं बी न्हाई!" साहेबांनी हात वर करून कसंबसं थांबवलं. ते कपाटाकडे वाकले, डोळे बारीक करून शेपूट न्याहाळली आणि म्हणाले, "पण शेपटीची खाच कसरीनं खाल्ली असेल तर?"

वर्ग खदखदून हसला. साहेबांना काही कळेना. हेडसर पहिल्यांदा हसले.

"साहेब, तो मुद्दा माझा. त्याच्यावर मी हरलोय."

त्यांनी मामांना दौत आणि टाक आणायला सांगितला. मामा दारातच दौत घेऊन उभे होते. साहेबांच्या देखत, रेघी कागदाच्या तुकड्यावर, त्याच वळणदार अक्षरात हेडसरांनी लिहायला घेतलं. मधे थांबले आणि मला विचारलं, "बाई, ससाणा शब्द पुल्लिंगी. मादीला काय लिहायचं?" मी म्हटलं, "ससाणा लिहा, सर. पुढं कंसात मादी." त्यांनी मी सांगितलं तसं लिहिलं.

संध्याकाळी मला कचेरीत बोलावणं आलं. हेडसरांनी टेबलावरून एक छापील कागद माझ्याकडे सरकवला. वर "गोपनीय" असं लिहिलेलं होतं. मी हात मागं घेतला.

"मी लिहिलाय, मीच दाखवतोय. वाचा."

अध्यापनाच्या रकान्यात एकच ओळ होती: "या बाई स्वतः पाहिल्याशिवाय शिकवत नाहीत. कायम कराव्यात." खाली उणिवांचा रकाना. त्यात लिहिलं होतं: "राग फार लवकर येतो. पिसं उपटतात."

"काही आक्षेप?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर," मी म्हटलं. "सगळं खरं आहे."

मी कागद परत दिला, नमस्कार केला, सावकाश दार ओढून घेतलं. आणि बाहेर व्हरांड्यात येऊन, मामा आणि निम्मी शाळा बघत असताना, साडी वर खोचून मी चक्क उडी मारली.